खुडूक कोंबडीची बाजू

‘खुडूक’ हा शब्द आपल्या भाषेत जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. काम टाळून कोपरा धरून बसणाऱ्या माणसाला आपण खुडूक कोंबडी म्हणतो. अंडी देणे थांबवून टोपलीत ठाण मांडलेली कोंबडी दिसली, की घरधन्याच्या कपाळावर आठी चढते आणि शेजारी फुकटचा सल्ला देतो, ‘पाण्यात बुचकळा, म्हणजे ताळ्यावर येईल.’ आमचे म्हणणे असे, की या कोंबडीवर आपण दुहेरी अन्याय करीत आलो आहोत. जे तिच्या आयुष्यातील सर्वांत कष्टाचे काम, त्याला आपण आळस म्हणतो; आणि त्या कामासाठी तिला सुरक्षित जागी हलविण्याची वेळ येते तेव्हा ते इतक्या धसमुसळेपणाने करतो, की तिने बसणेच सोडले तर नवल नाही. मग पुन्हा दोष तिचाच! हा दोष तिच्या माथ्यावरून काढून जेथे तो ठेवावयास हवा तेथे ठेवावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

वाङ्मयाला वाहिलेल्या त्रैमासिकात कोंबडीचे काय काम, असे कोणी विचारील. त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानाचा २३ वा अध्याय काढून पाहावा. यरुशलेम नगरीविषयीची आपली व्यथा सांगताना प्रभू येशूला गरुड आठवला नाही, सिंहही आठवला नाही. पंखांखाली पिल्ले गोळा करणारी कोंबडी आठवली. लूकनेही १३ व्या अध्यायात ती उपमा जपून ठेवली आहे. त्याहून कितीतरी जुन्या अनुवादाच्या २२ व्या अध्यायात नियमच घालून दिला आहे, की वाटेत एखादे घरटे सापडले आणि आई अंड्यांवर वा पिल्लांवर बसलेली असली, तर आईला पिल्लांसह धरू नये. ज्या ग्रंथाने उबवणाऱ्या पक्षिणीचा एवढा विचार केला, तो ग्रंथ ज्यांच्या घरी आहे त्यांनी तिला पाण्याच्या बादलीत बुचकळावे, हे आम्हांस शोभणारे वाटत नाही.

आम्ही ज्या भद्रावतीत राहतो तेथे एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला आयुध निर्माणी आणि पलीकडे ताडोबाकडे जाणारे जंगल. खाणकामगाराच्या क्वार्टरच्या मागे, शेतकऱ्याच्या गोठ्यात, जंगलाकाठच्या पाड्यावर, सर्वत्र चार-दोन कोंबड्या असतातच. घरभेटीस गेलो म्हणजे त्या उंबऱ्यातच स्वागताला उभ्या असतात. या कोंबड्या कोणाच्या? कागदावर त्या कोणाच्याच नसतात. पण घरात सर्वांना ठाऊक असते, की त्या बाईच्या. शेत नवऱ्याच्या नावावर, पगार नवऱ्याच्या हाती, म्हैस सासऱ्याची. कोंबडी मात्र तिची. मुलाची वही, सासूचे औषध, माहेरी जाण्याचे एस.टी.चे भाडे, चर्चच्या सणाची वर्गणी, हे सारे पुष्कळदा अंड्यांच्या आणि पिल्लांच्या पैशांतून निघते. कोंबडी केव्हा बसवायची, कोठे बसवायची, किती अंडी ठेवायची हा निर्णय म्हणूनच बाईचा असावयास हवा. प्रत्यक्षात कोंबडी अंडी देते तोवर ती बाईची असते. खुडूक झाली, की तिचा न्याय करण्यास घरातील पुरुष पुढे सरसावतात.

आणि हे पुरुष कोंबड्यांविषयी उदासीन असतात असेही नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात भरणारा कोंबडबाजार आपणांस अपरिचित नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणे गुन्हा ठरविले आहे, तरी पायाला काती बांधून कोंबडे लढविले जातात आणि त्यांच्यावर पैसा लागतो. त्या कोंबड्याच्या खुराकासाठी खिसा सैल होतो. घरात २१ दिवस उपाशीतापाशी बसणाऱ्या कोंबडीसाठी मूठभर कणी जड होते. मरणाचा खेळ करणाऱ्याला मान आणि जन्माचे काम करणारीला बादली, हा कोणता हिशेब?

आता हे खुडूक होणे म्हणजे काय ते पाहू. काही अंडी घातल्यानंतर कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते. अंडी घालणे थांबते, पोटाखालची पिसे विरळ होतात आणि उघडी पडलेली ऊबदार कातडी थेट अंड्यांना लागते. ही लहर नव्हे, हट्ट नव्हे. दुभत्या गाईच्या सडात दूध उतरावे तशी ही शरीराची तयारी आहे. यानंतर ती सारा दिवस आणि सारी रात्र बसून राहते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, थोडा वेळ उठते. दाणा टिपते, पाणी पिते, विष्ठा टाकते, धुळीत अंग घुसळते आणि परतते. अंड्यांना सुमारे साडेसदतीस अंश उष्णता सतत मिळावी लागते. ती मोजण्यास तिच्यापाशी तापमापक नाही, तरी ती मोजते. दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते, कडेची मध्ये आणि मधली कडेला घेते. या काळात तिचे वजन घटते, तुरा फिका पडतो. एवढे करणाऱ्या प्राण्याला आळशी म्हणणारा माणूस स्वतः किती तास एका जागी बसून काम करतो, हे त्याच्या घरच्यांना विचारावे.

खुडूक मोडण्याचे जे उपाय आपल्याकडे चालतात ते लिहिण्यासही संकोच वाटतो. थंड पाण्यात बुचकळणे, नाकपुडीतून पीस आरपार घालणे, पायाला दोरी बांधून खुंटीला लटकविणे, अंधाऱ्या खोलीत दाणापाण्यावाचून कोंडणे. यांतील एकही उपाय आवश्यक नाही. खरोखरच कोंबडी बसविणे शक्य नसेल, अंडी नसतील किंवा ऐन वैशाख असेल, तर बुरडाकडून फटी ठेवून विणलेली बांबूची टोपली घ्यावी, ती जमिनीपासून उंच टांगावी आणि कोंबडीला तीत दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवावे. खालून वारा लागला, पोट थंड राहिले, की तिचा ओढा आपोआप ओसरतो. यात क्रौर्य नाही आणि खर्चही नाही. चार पैशांचा विचार आणि चार दिवसांचा धीर एवढेच लागते. धीर नसतो म्हणून बादली वापरली जाते.

याउपर हिशेबी लोक पुढे येतात. ते म्हणतात, ‘देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देणार, त्यात प्रत्येक फेरीला खुडूक बसणार, मग पिल्ले सांभाळत दोन महिने काढणार, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.’ आम्ही हिशेबाला भीत नाही. समजा, एका फेरीची १२ अंडी १० रुपयांप्रमाणे विकली, तर हाती १२० रुपये आले. तीच १२ अंडी कोंबडीखाली ठेवली, त्यांतून ८ पिल्ले निघाली, घार, मुंगूस आणि मानमोडी यांच्या तावडीतून निम्मीच म्हणजे ४ वाचली, तरी सहा-सात महिन्यांनी चार मोठे देशी पक्षी हाती येतात. त्यांचे खाणे बहुतांशी परसातले किडे, सांडलेले धान्य आणि घरातील उष्टे. प्रत्येकाने आपल्या गावच्या बाजारातील देशी कोंबड्याचा भाव घालून हा गुणाकार करून पाहावा आणि मग आतबट्टा कोणता ते सांगावे. अंडे विकणारी बाई मीठमिरची घेते. पिल्ले वाढविणारी बाई पुढच्या वर्षीचे भांडवल उभे करते. हिशेबी माणसाने अंडी मोजली, पण अंड्यांतून येणारी कोंबडी मोजली नाही.

दुसरा आक्षेप यंत्रवाल्यांचा. त्यांचे म्हणणे, उबवणी यंत्र आले, नागपूरला शासनाचे उबवणी केंद्र आहे, गिरिराज, वनराज अशा सुधारित जाती मिळतात. मग या जुन्या खटाटोपाची गरज काय? यंत्राशी आमचे वैर नाही. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्यांतून लोक दोन हजार वर्षांहून अधिक काळ अंडी उबवीत आले आहेत; तेव्हा यंत्राने उबवणे हा काही आजचा चमत्कार नव्हे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेली वनराज कोंबडी देशी कोंबडीपेक्षा पुष्कळ अधिक अंडी देते, हेही खरे. परंतु अधिक अंड्यांसाठी निवड करताना खुडूक बसण्याचा गुण मागे पडतो. पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये तो जवळजवळ पुसला गेला आहे आणि या सुधारित जातीही क्वचितच बसतात. याचा अर्थ असा, की ज्या घरात केवळ अशाच कोंबड्या आहेत त्या घराला दर वेळी पिल्लांसाठी बाहेर हात पसरावा लागतो. योजना असेल तोवर पिल्ले येतील. योजना संपली, गाडी चुकली, रोगाची साथ आली, तर खुराडे रिकामे. संकरित कोंबडीची पुढची पिढीही आईसारखी निपजत नाही. पूर्वी बाईच्या टोपलीत जे बियाणे होते ते आता दुसऱ्याच्या गोदामात गेले, हे आम्हांस सुधारणेचे लक्षण वाटत नाही.

आणि यंत्र पिल्लू देते. आई देत नाही. यंत्रातील पिल्लाला पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब बल्बखाली द्यावी लागते, पुढे ती हळूहळू उतरवावी लागते. शेजारच्या चंद्रपुरात २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे खरे. पण वळवाच्या एका वादळाने तार तुटली, तर गावातल्या बल्बला त्या मेगावॉटचा काय उपयोग? कोंबडीच्या पंखाखालची वीज जात नाही. दाणा कोणता आणि खडा कोणता, घार आली तर कोठे दडायचे, हे शिकविणारी शाळा तिच्याच पायाशी भरते. शहाणपण दोन्हींचा मेळ घालण्यात आहे. सुधारित कोंबडी अंड्यांसाठी ठेवावी आणि तिच्याबरोबर निदान दोन देशी कोंबड्या आईपणासाठी ठेवाव्यात. यंत्रातून आणलेली एक दिवसाची पिल्लेसुद्धा बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली रात्री हळूच सरकवली, तर ती बहुधा आपली म्हणून स्वीकारते. २०१९ च्या २० व्या पशुगणनेत देशातील परसातल्या कोंबड्या व इतर पाळीव पक्षी सुमारे ३१ कोटी ७० लाख भरले. २०१२ च्या तुलनेत ही वाढ ४६ टक्क्यांच्या आसपास होती. परसातली कोंबडी संपली असे ज्यांना वाटते त्यांनी हा आकडा ध्यानी घ्यावा.

तिसरा पक्ष आमच्याच बाजूचा असल्याचे भासवितो; म्हणून त्याचा समाचार अधिक काळजीपूर्वक घ्यावा लागतो. हे भावनाशील लोक म्हणतात, ‘कोंबडी जेथे बसली तेथेच राहू द्या, निसर्गाला कळते.’ निसर्गाला कळते हे रानकोंबडीच्या बाबतीत खरे. ती जंगलात एकटी बसते. तिच्या अंगाचा रंग पाचोळ्यात मिसळतो. परसातली कोंबडी बसते सरपणाच्या ढिगात, गव्हाणीत, माळ्यावर, नाहीतर जेथे घरातल्या इतर चार कोंबड्या अंडी घालतात त्याच टोपलीत. त्या चौघी रोज येऊन तिच्याखाली नवी अंडी घालून जातात. एकविसाव्या दिवशी पहिली पिल्ले फुटतात, आई त्यांना घेऊन उठते आणि आठ-दहा दिवसांची भरली अंडी तशीच थंड होऊन मरतात. सरपणात धामण आणि घूस, गोठ्यात गाईचा पाय, कुंपणाशी मुंगूस आणि रानमांजर. अशा ठिकाणी तिला राहू देणे म्हणजे निसर्गावर विश्वास नव्हे. तो आपला कामचुकारपणा आहे. तिला हलविणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्यच आहे. वाद हलवावे की नाही हा नसून, कसे हलवावे हा आहे.

कसे, ते आता सांगतो. यातील बहुतेक ज्ञान आमच्या भागातील वृद्ध बायांचे आहे. सेमिनरीत हा विषय शिकवीत नाहीत. एक आजी आम्हांस म्हणाल्या होत्या, ‘फादर, कोंबडीले दिवसा उचललं तं ते रुसते.’ या एका वाक्यात अर्धे शास्त्र आले आहे. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही. दिवसा उचलली, की ती नवी जागा पाहते, परकी समजते आणि संधी मिळताच जुन्या जागी धावते. तेथे अंडी नसली तरी रिकाम्या कोपऱ्यात बसते आणि इकडे अंडी थंड पडतात. रात्री हलवलेली कोंबडी अंधारात पोटाखाली अंड्यांचा स्पर्श ओळखते, तेवढ्यावर स्वस्थ होते आणि सकाळी जागी होते ती त्याच जागेवरची होऊन.

म्हणून पहिला नियम घाईचा निषेध करणारा आहे. एक रात्र टोपलीत राहिली म्हणजे कोंबडी खुडूक झाली असे नव्हे. तीन रात्री सलग बसली, हात जवळ नेताच पिसे फुलवून गुरगुरली, चोच मारली पण उठली नाही, तर ती खरी बसली असे समजावे. दुसरा नियम, नवी जागा आधी पूर्ण तयार करावी. कोंबडी हातात घेऊन टोपली शोधत फिरणे हा मूर्खपणा आहे. जागा शांत, अंधारी, इतर कोंबड्यांपासून वेगळी आणि दार लावता येईल अशी असावी. टोपलीत तळाशी माती, वर धानाचे तणस, त्यात थोडी राख आणि कडुनिंबाचा पाला, म्हणजे उवा आणि पिसवा लागत नाहीत. बसलेल्या कोंबडीला उवांनी छळले, तर ती अंडी सोडते आणि बोल आपण तिच्या आईपणाला लावतो.

तिसरा नियम, चांगली अंडी प्रथम पणाला लावू नयेत. नव्या टोपलीत आधी दोन-तीन टाकाऊ अंडी ठेवावीत. अंधार पडल्यावर, दिव्याचा झोत तिच्या डोळ्यांवर न टाकता, दोन्ही पंख अंगाशी दाबून तिला उचलावे, आवाज न करता नव्या जागी ठेवावे आणि वरून डालगे झाकावे. दुसरा दिवस तिला तसेच राहू द्यावे. दाणा आणि पाणी हाताशी ठेवावे. त्या संध्याकाळी दार उघडून उठू द्यावे आणि ती परत कोठे जाते ते पाहावे. जुनी जागा तोवर बंद केलेली असावी. ती नव्या टोपलीत परतली, की काम झाले. त्या रात्री टाकाऊ अंडी काढून निवडलेली दहा-बारा अंडी, सर्व एकाच वेळी, तिच्याखाली ठेवावीत. सातव्या-आठव्या रात्री बॅटरीच्या उजेडासमोर अंडे धरून पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे, स्वच्छ दिसले तर ते पोकळ आहे. शेवटचे तीन दिवस मात्र तिला हात लावू नये. त्या दिवसांत कवचाआडून पिल्ले आणि बाहेरून आई एकमेकांशी बोलत असतात. त्या संभाषणात आपले काम नाही.

भद्रावतीसारख्या ठिकाणी याला आणखी एक अट आहे, ती उन्हाची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पत्र्याखाली ठेवलेली अंडी कोंबडीवाचूनच अर्धवट जागी होतात आणि मरतात. म्हणून येथे कोंबडी बसविण्याचा काळ दिवाळीपासून होळीपर्यंतचा. पावसाळ्याची ओल पिल्लांना रक्ती हगवण देते, तोही टाळावा. उशिरा बसविणे भागच पडले, तर टोपलीऐवजी मातीचे पसरट परळ घ्यावे, त्याखाली ओली वाळू पसरावी आणि ते उत्तरेकडच्या भिंतीशी ठेवावे. भद्रावतीला मातीची भांडी मिळत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघाने या गावाचे नाव मातीकामासाठीच दूरवर नेले. प्लॅस्टिकच्या घमेल्यात कोंबडी बसवून पिल्ले का निघाली नाहीत म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांनी कुंभाराचे घर विचारावे.

नाताळच्या मेजवानीसाठी आपल्यातील काही कुटुंबे टर्कीही पाळू लागली आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द. हा पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा. आपल्या देशात तो पोर्तुगीजांमुळे आला; त्यांच्या भाषेत त्याचे नाव पेरू. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे अपूर्व पक्षी नेले त्यांत हा होता. बादशहाने त्याचे वर्णन लिहून ठेवले आणि मन्सूर या चित्रकाराने त्याचे चित्र काढले. बादशहाला तो नवलाचा वाटला, यात नवल नाही. पण नवलाई संपली, की पाळण्याची जबाबदारी सुरू होते. टर्कीची मादी कुंपणाच्या झुडपात, गवतात, माणसाच्या नजरेआड बसते. तिची अंडी २१ नव्हे, २८ दिवस घेतात. ती कोंबडीपेक्षा जागेला अधिक चिकटून असते. हलवलेली तिला खपत नाही आणि देह जड असल्याने झटापटीत अंडी फुटतात. शहाणा पाळणारा तिला बसल्यावर हलविण्याऐवजी, ती अंडी घालू लागण्यापूर्वीच सुरक्षित आडोशाला कोरडे गवत पसरून तेथे तिची सवय लावतो. हलवणे टळतच नसेल, तर रात्रीचा नियम दुप्पट कसोशीने पाळावा. ती बसते तेव्हा इतकी निश्चल बसते, की खाणेही विसरते. रोज एकदा तिला हलकेच उठवून दाण्यापाण्याकडे न्यावे. आणि कोंबड्यांच्या जमिनीवर टर्कीची पिल्ले वाढवू नयेत. कोंबडीच्या पोटातील जंतांबरोबर जाणारा एक रोग कोंबडीला फारसा बाधत नाही, टर्कीला मात्र मारतो. ज्यांना एवढे जमत नाही त्यांनी नाताळला कोंबड्यावर समाधान मानावे; सणाचा आनंद पक्ष्याच्या आकारावर अवलंबून नसतो.

येथवर वाचलेल्या काहींना वाटेल, की आता हे कोंबडीवरून माणसांवर येणार. खाणींसाठी हललेली गावे, ताडोबाच्या जंगलातून २००७ साली हलवून भगवानपूरला वसविलेले बोटेझरी, यांचा दृष्टांत देणार. आम्ही तसे करणार नाही. माणसाला वाचा आहे, ग्रामसभा आहे, न्यायालय आहे. त्याच्या प्रश्नाला कोंबडीच्या गोष्टीने उत्तर देणे हा त्याचा अपमान होय. उलट कोंबडीला यांतील काहीच नाही, म्हणून तिच्याविषयी बोलणाऱ्याने तिच्यापुरतेच बोलावे. एवढेच सांगू, की नवी जागा सिद्ध होईपर्यंत जुनी मोडू नये ही समज ज्याला एका टोपलीच्या बाबतीत येत नाही, त्याच्या हाती मोठे काम देताना दोनदा विचार करावा.

आता आमची मागणी. पहिली घरातील पुरुषांकडे: खुडूक कोंबडीचा निर्णय जिची कोंबडी आहे तिच्यावर सोपवावा आणि बादली विहिरीवरच राहू द्यावी. दुसरी योजना राबविणाऱ्यांकडे: सुधारित पिल्ले अवश्य द्यावीत, पण ज्या बाईला ती दिली तिच्याकडची बसणारी देशी कोंबडी काढून टाकण्याचा सल्ला देऊ नये, उलट तिच्यासाठी एक टोपली आणि मानमोडीची लस द्यावी. तिसरी आपल्या मुलामुलींकडे: आजी कोंबडी बसवते तेव्हा शेजारी बसून पाहावे. आजीच्या हातातले हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात पुरते उतरलेले नाही, आणि आजी कायमची नाही.

शेवटची मागणी थोडी खाजगी आहे. फादर घरभेटीस येणार म्हटले, की आपल्या घरांतून कोंबडी कापण्याची धावपळ सुरू होते, आणि ‘तशीही ती अंडी देत नाही’ म्हणून पुष्कळदा सुरी नेमकी खुडूक कोंबडीच्याच मानेवर येते. आपले आतिथ्य आम्ही मनापासून मानतो. पण टोपलीत बसलेल्या त्या आईला आमच्यासाठी उठवू नये. आम्हांस वरण-भात चालतो.